आहेराची वही

गेल्या महिन्यात लग्नाची एक पत्रिका आली. खाली नेहमीच्या जागी नेहमीचं छापलेलं होतं: 'कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नये.' आईनं चष्मा वर-खाली करून ती ओळ दोनदा वाचली आणि पत्रिका टीपॉयवर टाकली.

"आणू नये म्हणजे काय? त्यांचा मिक्सर आहे आपल्याकडे."

मिक्सर १९९४ चा. माझ्या बहिणीच्या लग्नात आलेला. तो तिच्या सासरी गेला, जळला, भंगारात गेला, त्यालाही वीसेक वर्षं झाली असतील. आईच्या हिशेबात मात्र तो अजून घरघरतो आहे, कारण फिटलेला नाही. ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि देणं ठेवून जायची तिची तयारी नाही.

"माळ्यावरून वही काढ," ती म्हणाली.

ही वही लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार वापरायचे तसली. डावीकडे नाव, मध्ये काय आलं, उजवीकडे कधी फेडलं. सुरुवात १९७९ पासून, म्हणजे माझ्या मुंजीपासून. 'रोख ५', 'रोख ११', 'स्टीलचा डबा, मध्यम', 'शर्टपीस (पोत बरा)'. कंसातले शेरे आईचे. एका तांब्यापुढे नुसतं 'आपलाच' असं लिहिलंय. आम्ही कुणाला तरी दिलेला तांब्या चार घरं हिंडून माझ्या मुंजीत परत आला होता. बुडाशी कोरलेल्या आजोबांच्या नावावरून सापडला.

वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटा छापतात ती प्रेस. त्यामुळे 'तुम्हाला काय कमी' हा विनोद आम्ही जन्मभर ऐकला. राहायला जेलरोडवर. परगावच्या नातेवाइकांना पत्ता सांगताना आई 'रोड' जरा मोठ्यानं म्हणायची.

तर त्या मुंजीत मला 'श्यामची आई' तीनदा मिळालं. त्या काळी मुंज झालेल्या, स्कॉलरशिपला बसलेल्या किंवा वक्तृत्वात तिसऱ्या आलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे चुकलं असेल असं वाटत नाही. दोन प्रती कोऱ्या करकरीत होत्या. तिसरी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी दिलेली, जुनी. पानांच्या कडा पिवळ्या, पुठ्ठ्याचे कोपरे दबलेले. पहिल्या पानावर कुठल्याशा शाळेचा जांभळा शिक्का आणि त्याखाली निबंधस्पर्धेचं बक्षीस म्हणून एका मुलीचं नाव, साल १९५२. त्या नावावर पट्टी धरून एकच सरळ रेघ मारलेली. खाली बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात माझं नाव आणि 'मौंजीबंधनाप्रीत्यर्थ सप्रेम भेट'.

दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका आहेर बघायला बसल्या. आत्यानं ते पान उघडलं. "बाईंनी घरातलंच खपवलं की गं!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. आई हसली की नाही ते आठवत नाही. वहीत नोंद झाली: 'बाई. पुस्तक (जुने)'.

ते पुस्तक मी वाचलं नाही. रडवणारं पुस्तक अशी त्याची ख्याती होती आणि रडायला आमच्याकडे गणित होतं. सातवीत असताना टेनिस बॉलच्या मॅचची वर्गणी कमी पडली, तेव्हा तिन्ही प्रती मी रद्दीत घातल्या. रद्दीवाल्यानं तराजूत टाकताना तिन्हींचं एकच नाव बघितलं. "एक तरी ठेव की रे," म्हणाला. मी नाही ठेवली.

*

अकरावीत इंग्रजीच्या सरांनी ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' वर्गात वाचून दाखवली. १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात आलेली ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. नाताळच्या आदल्या दिवशी डेलाकडे साठवलेले १ डॉलर ८७ सेंट आहेत. नवऱ्याला भेट द्यायची म्हणून ती गुडघ्याखाली येणारे केस २० डॉलरला विकते आणि २१ डॉलरची घड्याळाची साखळी आणते. तिकडे जिमनं तिच्या केसांसाठी कासवाच्या पाठीचे कंगवे आणलेत, घड्याळ विकून. आता केस नाहीत आणि घड्याळही नाही.

मी घरी येऊन ती आईला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. शेवट ऐकून म्हणाली, "केस वाढतात. घड्याळ गेलं ते गेलं. त्याचा आहेर जास्त झाला."

तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढ्या हळव्या गोष्टीतही हिने वही उघडलीच! पुढे कळलं की केस वाढतात हे गोष्टीतली डेलासुद्धा म्हणते. नवरा तिच्याकडे बघत थिजून उभा असतो, तेव्हा आधी ती हेच सांगते, की माझे केस फार लवकर वाढतात. समीक्षक त्या गोष्टीतल्या योगायोगावर पानंच्या पानं लिहितात. आईनं मात्र तांदळातला खडा उचलावा तसं हे एक वाक्य उचललं होतं, आणि तेही मी तिला सांगितलेलं नसताना.

ओ. हेन्री हे टोपणनाव. खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. बँकेतल्या अफरातफरीच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली आणि १८९८ ते १९०१ अशी तीनेक वर्षं तो ओहायोच्या तुरुंगात होता. बायको आधीच गेलेली, मुलगी मार्गारेट लहान. वडील कामानिमित्त बाहेरगावी आहेत, असं तिला सांगून ठेवलेलं. तिच्या खर्चासाठी चार पैसे मिळावेत म्हणून तो आत बसून गोष्टी लिहायचा आणि दुसऱ्याच नावानं बाहेर पाठवायचा. त्या नावानं सुरुवातीला छापून आलेल्या गोष्टींत एक नाताळच्या मोज्याची आहे. मुलीच्या मोज्यात काही घालायला जवळ नसलेल्या बापानं लिहिलेली. हे कळल्यापासून ते १ डॉलर ८७ सेंट मला लेखकानं कल्पनेनं काढलेले वाटत नाहीत. तो आकडा कधीतरी कुणीतरी खरोखर तीनदा मोजलेला असणार.

कॉलेजात समाजशास्त्र घेतलेल्या एका मित्राच्या खोलीवर मार्सेल मॉस भेटला. या फ्रेंच माणसानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक मोठा निबंध लिहिला. पॅसिफिकमधली बेटं, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जमाती, जुने रोमन कायदे, आपल्या महाभारतातलं अनुशासनपर्व असं सगळं पालथं घालून तो म्हणतो की भेट कधीच फुकट नसते. ती द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावी लागते. त्यात ट्रोब्रियांड बेटांवरच्या 'कुला' नावाच्या देवघेवीचं वर्णन आहे. लाल शंखांच्या माळा होडीतून बेटाबेटांवरून एका दिशेनं फिरतात आणि पांढऱ्या शंखांच्या बांगड्या उलट दिशेनं. कुणी काही कायमचं ठेवून घ्यायचं नाही. मला आमचा तांब्या आठवला. आईनं त्यापुढे 'आपलाच' एवढंच लिहून जे आटोपलं होतं, त्याला मॉसला शंभरच्या वर पानं लागली.

पण मॉस वाचताना शेजारणीचं भांडंही आठवत राहिलं. वानोळा म्हणून कुणाकडून शेवग्याच्या शेंगा आल्या, कुणाकडून वाटीभर खीर आली, तर ते भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. ही फेड म्हणावी तर अगदीच नावापुरती आणि फेड नव्हे म्हणावं तर ती चुकवायची कुणाची छाती नाही. साखर घातली की भांडं पुन्हा यायला मोकळं. मॉसच्या निबंधात ही चिमूट बसते की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

*

'श्यामची आई' मी वाचलं ते पन्नाशीला आल्यावर. भाच्याच्या मुंजीत द्यायला विकत घेतलं होतं. (हो. आपल्याला मिळालेलं आपण पुढे देतोच.) नाशिक-पुणे एसटीत सिन्नरच्या पुढे कंटाळून उघडलं. संगमनेरला शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं?" मी खिडकीतून वारं येतंय म्हणालो.

हे पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळं केलं. दिवसभर तुरुंगातलं काम आणि उरलेल्या वेळात लेखन. पाच दिवसांत. वय तेहतीस, आई जाऊन पंधरा वर्षं झालेली. ज्या भिंतीच्या कडेकडेनं मी दहा वर्षं शाळेत गेलो, जिच्यावर आम्ही खडूनं स्टंप काढायचो, तिच्या आत हे घडलं होतं. त्याच भिंतीपासून पाच मिनिटांवरच्या रद्दीच्या दुकानात मी ते किलोवर विकलं.

लोक हे पुस्तक संस्काराचं म्हणून देतात आणि तिथेच घोळ होतो. पोराला वाटतं, औषध आहे. मला ते या वयात भेटींचं पुस्तक वाटलं. 'आनंदाची दिवाळी' मध्ये श्यामच्या आईला भावाकडून भाऊबीजेचे पैसे येतात. तिचं लुगडं फाटलंय. त्या पैशांतून ती नवऱ्यासाठी धोतर आणते, कारण तेही फाटलंय आणि तो चारचौघांत जातो. ओ. हेन्रीच्या गोष्टीत दोघंही देतात, म्हणून शेवटी एक प्रकारचा तोल साधतो, वाचक हसत-रडत पुस्तक मिटतो. इथे तसा तोल नाही. दिवाळीत घरात एक नवं धोतर आहे आणि एक फाटकं लुगडं आहे. प्रकरणाच्या नावात तरीही आनंद आहे, आणि गुरुजींनी तो उपरोधानं घातलेला नाही.

दुसरी भेट श्यामची. धाकट्या भावाचा कोट फाटलाय म्हणून दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून शिंप्याकडून कोट शिवून घेतो आणि भर पावसात चालत पालगडला येतो, वाटेतले पऱ्हे तुडुंब भरलेले असताना. मी अडकलो ते कोटाच्या मापापाशी. समोर नसलेल्या भावाचं माप शिंप्याला कसं द्यायचं? अंदाजानं. साधारण एवढा असेल, आतापर्यंत एवढा वाढला असेल. लांब असलेल्या माणसाचं प्रेम बहुधा असंच हातानं दाखवलेल्या उंचीवर चालतं. अमेरिकेतल्या नातवासाठी स्वेटर विणणाऱ्या आज्यांना विचारा.

गुरुजींचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच काळात ते पुतणी सुधाला पत्रं लिहीत होते, फुलांची, पावसाची, माणसांच्या चांगुलपणाची. 'सुंदर पत्रे' या नावानं ती पुढे पुस्तकात आली. ती वाचताना मी तारखा बघत नाही. बघवत नाहीत. पुस्तकं उमेद देतात वगैरे कुणी सभेत म्हणायला लागलं की मला त्या तारखा आठवतात आणि मी गप्प बसतो. स्वतःपाशी पुरेसं न उरलेलं माणूस दुसऱ्याला देऊ शकतं. ते कसं, हे मला समजत नाही. पण घडताना दिसतं खरं.

*

व्हिक्टर फ्रँकलचं पुस्तक मला भेट म्हणूनच आलं. मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला, तेव्हा शेवटच्या दिवशी एका सहकाऱ्यानं हातात ठेवलं. आत काही लिहिलं नव्हतं. मीच विचारलं तर म्हणाला, "लिहिलं असतं तर तुला ठेवून घ्यावं लागलं असतं. वाच नि दे कुणाला तरी."

फ्रँकल व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ. ज्यू. १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिन छावणीत गेला आणि १९४४ च्या ऑक्टोबरात आउशवित्झला. कोटाच्या अस्तरात त्यानं आपल्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित शिवून ठेवलं होतं. कोट काढून घेतला गेला, त्याबरोबर तेही. बदल्यात गॅस चेंबरमध्ये गेलेल्या कुणाचा तरी जीर्ण कोट मिळाला. त्याच्या खिशात हिब्रू प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक फाडलेलं पान होतं. सबंध पुस्तक गेलं आणि एक पान आलं. कुणी दिलेलं, कुणासाठी, काही ठाऊक नाही.

पुढे बव्हेरियातल्या ट्युर्कहाइमच्या छावणीत, २६ मार्च १९४५ ला, त्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी एका सोबत्यानं त्याला भेट दिली: पेन्सिलीचा एक तुकडा आणि नाझी पहारेकऱ्यांच्या कचेरीतून उचललेले काही छापील फॉर्म. त्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर, टायफसच्या तापात, फ्रँकलनं हरवलेलं पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं. महिन्याभरानं, २७ एप्रिलला, छावणी मुक्त झाली. व्हिएन्नाला परतल्यावर छावणीतल्या अनुभवांचं दुसरं पुस्तक त्यानं नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं. ते १९४६ मध्ये आलं. जगभर वाचलं जातं ते हे.

त्यात एक गोष्ट अशी आहे, जी उमेदीची पुस्तकं खपवणारे सांगत नाहीत. छावणीतल्या एका कैद्याला फेब्रुवारी १९४५ मध्ये स्वप्न पडलं, की ३० मार्चला आपली सुटका होणार. तो हरखून गेला. मार्च संपत आला तरी सुटकेचं चिन्ह दिसेना. २९ तारखेला तो आजारी पडला, ३० ला शुद्ध हरपली आणि ३१ ला गेला. १९४४ चा नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यातही छावणीत कधी नव्हे इतकी माणसं गेली. छावणीच्या मुख्य डॉक्टरांच्या मते कारण एकच: नाताळला आपण घरी असू, असं ती धरून बसली होती.

कारखाना बंद झाल्यावर मीही तारखा धरून होतो. दिवाळीपर्यंत काहीतरी होईल. मार्चअखेर नक्की. प्रत्येक तारीख गेली की मी थोडा कमी उरायचो. फ्रँकल तारखांऐवजी बायकोबद्दल लिहितो. पहाटेच्या अंधारात बर्फातून कामावर हाकलले जात असताना तो मनात टिलीशी बोलतो. ती जिवंत आहे की नाही हे त्याला माहीत नाही, आणि त्या क्षणी त्यानं काही बिघडतही नाही असं तो म्हणतो. ती बर्गेन-बेल्झनच्या छावणीत वारली, चोवीसाव्या वर्षी. हे त्याला सुटकेनंतर कळलं.

आईच्या वहीत उजवीकडचा रकाना तारखेचा असतो. फ्रँकल वाचून कित्येक महिने मला तो रकाना डोळ्यांपुढे दिसायचा. आपण आशेलाही तिथेच बसवतो, अमुक तारखेला फिटेल म्हणून. पेन्सिलीचा तुकडा देणाऱ्याला काय मिळायचं होतं? समोरचा माणूस तापानं फणफणलेला. त्याचं पुस्तक व्हायचं, ते छापलं जायचं, हे सगळं त्या फॉर्मांच्या पलीकडे कुठेतरी. त्या सोबत्याचं पुढे काय झालं, तेही मला कुठे सापडलं नाही.

पुस्तक मी सहा महिन्यांनी दुसऱ्याला दिलं. आत काही न लिहिता.

*

तर वही. मिक्सर शोधायला बसलो होतो. १९९४ पर्यंत जाताना १९७९ ची पानं उलटली आणि 'बाई. पुस्तक (जुने)' पाशी हात थांबला. कारण उजवीकडचा रकाना भरून वाहत होता. बाकी सगळ्यांपुढे एकेक तारीख. बाईंपुढे मुंगीच्या अक्षरात, समासात, खालच्या दोन ओळींच्या मध्ये, मग पान आडवं करून: 'दि. ७९ डबा गेला. डबा आला (बेसन लाडू). दि. ८० गेला. आला (लिंबाचं गोड लोणचं). दि. ८१ गेला. आला (चाफ्याची फुलं).' असं वर्षानुवर्षं. शाई बदललेली, अक्षर बदललेलं, मध्येच बॉलपेन आलेलं.

"हे काय?"

आईनं मान वाकडी करून बघितलं. "दिवाळीच्या फराळाचा डबा. ते पुस्तक फेडायचं म्हणून पाठवला. तर बाईंनी तो रिकामा पाठवलाच नाही. मग पुढच्या वर्षी परत पाठवावा लागला."

"पण जुनं पुस्तक होतं ना ते."

"ते नाव बाईंचंच होतं. माहेरचं. लग्नात दोन्ही बदलली, नाव आणि आडनाव." मग पत्रिका हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू रद्दीत घातलंस ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. दर वर्षी विचारायच्या, वाचलं का म्हणून. मी वाचतोय म्हणायचे."

शेवटची नोंद २००३ ची. 'डबा गेला.' पुढे काही नाही.

"आणि हा?"

"तो तिकडेच राहिला," आई म्हणाली. "मार्चमध्ये गेल्या ना त्या. आता मिक्सर बघ. पान पुढे असेल."